दिवा खरंच मंद होत होता!

हेडफोन लावलेत ना? आज एकाच शब्दाबद्दल बोलायचंय : गॅसलायटिंग. रील्समध्ये, मीम्समध्ये, ब्रेकअपच्या गप्पांमध्ये तो सतत कानावर पडतो. २०२२ साली मेरियम-वेबस्टर या अमेरिकन शब्दकोशाने त्याला 'वर्षाचा शब्द' ठरवलं. पण गॅसचा आणि माणसाला वेडं ठरवण्याचा संबंध काय?

हा शब्द आला एका थ्रिलरमधून. पॅट्रिक हॅमिल्टनचं 'गॅस लाइट' हे नाटक १९३८ साली इंग्लंडमध्ये रंगमंचावर आलं. १९४४ मध्ये जॉर्ज क्युकर यांनी त्यावर हॉलिवूडमध्ये सिनेमा केला आणि इनग्रिड बर्गमनला त्यासाठी ऑस्कर मिळालं. मी सिनेमाचीच गोष्ट सांगतेय. ८० वर्षं जुना आहे, त्यामुळे स्पॉइलरवरून भांडायचं नाही!

पॉला लग्न करून नवऱ्यासोबत लंडनच्या घरात राहायला येते. घर तिच्या मावशीचं, जिचा तिथेच खून झालेला. नवऱ्याला हवेत त्या मावशीचे दागिने. रोज रात्री 'कामाला जातो' म्हणून तो बाहेर पडतो आणि चोरवाटेने त्याच घराच्या माळ्यावर शिरून शोधाशोध करतो. तिथे तो दिवा लावला की खाली पॉलाच्या खोलीतला दिवा मंद होतो. खालच्या मजल्यावर नळ सोडला की वर बाथरूममध्ये पाण्याची धार बारीक होते ना, तसंच.

पॉलाला हे दिसतं. पण तोवर नवऱ्याने काय करून ठेवलंय? तिला दिलेला ब्रोच स्वतःच गायब केला आणि म्हणाला, "तू हल्ली फार विसरतेस." भिंतीवरचं चित्र लपवलं आणि आळ तिच्यावर. लोकांना सांगून ठेवलं, तिची तब्येत बरी नसते. तिचं बाहेर जाणं बंद, कुणाला भेटणंही बंद. आता दिवा मंद झालेला दिसला तरी तिला वाटतं, बिघाड माझ्याच डोक्यात आहे.

मला यातलं एकटं पाडणं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. खोटं तर सगळेच कधी ना कधी बोलतात. पण ते खोटं पडताळून बघायला जवळ कुणीच उरू नये, ही व्यवस्था म्हणजे गॅसलायटिंग. म्हणून "आपण सातला भेटणार होतो", "नाही गं, आठला" हे गॅसलायटिंग नाही. ते नुसतं भांडण आहे.

मग पॉला सुटते कशी? स्कॉटलंड यार्डचा एक अधिकारी तिला भेटायला येतो. बोलता बोलता दिवा मंद होतो, आणि तो त्यालाही दिसतो. इतकंच. पण तिच्यासाठी तिथे सगळं बदलतं.

तुमच्या ओळखीत कुणी असं आहे का, जी हल्ली ग्रुपवर बोलत नाही, भेटायला टाळते, प्रत्येक वाक्यानंतर "माझंच चुकत असेल" म्हणते? तिला लगेच सल्ला देऊ नका, "सोड त्याला" असंही म्हणू नका. आधी तिचं ऐका. तुम्ही स्वतः काही पाहिलं असेल, तर तेवढं स्पष्ट सांगा : "हो, मी पण पाहिलं. तू म्हणतेस तसंच झालं होतं."

आणि ती जागा तुमची स्वतःची असेल, तर आजच एका माणसाला फोन करा. मेसेज नको, फोनच करा.

चला, भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!