ऑन रोडच्या पोटात काय काय?

मंडळी, विषय ऐकून काहींनी भुवया उंचावल्या असतील. व्याख्यानमालेत हे काय, हा तर शोरूममधल्या सेल्समनचा विषय! खरं आहे. तो इतकी वर्षं त्याच्याच हाती राहिला, म्हणून तर आज इथं आणावा लागला.

तिवसा, मोझरी, कुऱ्हा, वरखेड, अमरावती जिल्ह्याच्या या पट्ट्यातल्या शेतकऱ्याला बाजार समितीतली हिशेबपट्टी वाचता येते. हमाली किती कापली, तोलाई किती, वर हे काय लिहिलं, असं तो एकेका ओळीवर बोट ठेवून विचारतो. तोच माणूस संत्र्याच्या आंबिया बहाराचा पैसा खिशात घालून अमरावतीच्या शोरूममध्ये जातो, समोर दहा-बारा ओळींचं कोटेशन येतं आणि तो फक्त शेवटची ओळ पाहतो. “ऑन रोड कितीले पडते, भाऊ?”

त्या कागदावर कायद्यानं द्यावेच लागणारे पैसे आणि शोरूमच्या रिवाजानं घेतले जाणारे पैसे एकाच टाइपात, एकाखाली एक छापलेले असतात. सारंच सरकारी वाटतं. ते सारं सरकारी नाही, एवढंच मला आज सांगायचं आहे. पण त्यासाठी आधी सरकारी काय ते पाहू.

आठ लाख एक्स-शोरूमची गाडी धरा. पेट्रोलची, चार मीटरच्या आतली, इंजिन १२०० सीसीच्या आत. या आठ लाखांत जीएसटी आधीच मिसळलेला आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून अशा गाडीला तो १८ टक्के आहे. त्याआधी २८ टक्के आणि वर १ टक्का उपकर होता. म्हणजे गाडीची मूळ किंमत सुमारे ६,७८,००० आणि जीएसटी १,२२,०००. जुन्या दरानं हीच गाडी पावणेनऊ लाखांच्या घरात गेली असती.

यानंतर राज्याचा वेगळा कर येतो. आपण ज्याला आरटीओ टॅक्स म्हणतो तो मोटार वाहन कर, १९५८ च्या कायद्याचा. पेट्रोल गाडीला दहा लाखांपर्यंत ११ टक्के, वीस लाखांपर्यंत १२, त्यापुढं १३. डिझेलला प्रत्येक टप्प्यावर दोन टक्के जास्त. आपल्या गाडीचे झाले ८८,०००. पण हे ११ टक्के मूळ किमतीवर नाहीत, जीएसटीसकट किमतीवर आहेत. जीएसटीपोटी दिलेल्या सव्वा लाखाच्या करावर राज्याला पुन्हा तेरा हजारांहून जास्त! वाहनांवरचा कर घटनेनंच राज्यांकडे दिलेला, म्हणून तो जीएसटीत विरघळला नाही. उलट २०१७ मध्ये, जकात आणि एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था कर, गेल्यावर, राज्यानं तो दोन टक्क्यांनी वाढवला. नवाचे अकरा झाले. एलबीटी हा महानगरपालिकांचा कर. त्याची भरपाई तिवस्याच्या गाडीनं का करावी, हे मला अजून पचलेलं नाही.

आता दहा लाखांचा उंबरठा. इथं जरा थांबू, कारण बरेच जण इथंच ठेच खातात. हा कर आयकरासारखा टप्प्याटप्प्यानं लागत नाही. बरोबर दहा लाखांच्या पेट्रोल गाडीला कर १,१०,०००. दहा लाख एक हजाराच्या गाडीला मात्र अख्ख्या रकमेवर १२ टक्के, म्हणजे १,२०,१२०. हजार रुपयांच्या वाढीला दहा हजारांचा दंड! शिवाय दहा लाख ओलांडले की १ टक्का टीसीएस, म्हणजे विक्रेत्यानं आगाऊ गोळा केलेला आयकर, आणखी दहा हजार. हा नियम १ जून २०१६ पासूनचा. टीसीएस हा खरं तर खर्च नाही. तो तुमच्या पॅनवर जमा होतो आणि आयकराचं विवरणपत्र भरलं की करात वळता होतो किंवा परत मिळतो. पण शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, म्हणून आपल्याकडं कित्येक जण विवरणपत्र भरतच नाहीत. त्यांचे ते दहा हजार सरकारजवळ पडून राहतात. तेव्हा सेल्समन “थोडेसेच वाढतात, वरचं मॉडेल घ्या” म्हणाला, तर ते थोडेसे दहा लाखांच्या अलीकडे आहेत की पलीकडे, तेवढं पाहा.

सीएनजी गाडीला राज्याच्या या कराचा दर कमी आहे. १ जुलै २०२५ ला तो एका टक्क्यानं वाढला, तरी दहा लाखांपर्यंत ८ टक्केच. सीएनजीची गाडी नव्वद हजारांनी महाग पडली, तरी ८,९०,००० वर कर ७१,२००, म्हणजे आपल्या पेट्रोल गाडीपेक्षा सोळा-सतरा हजार कमी. विजेच्या गाडीला जीएसटी ५ टक्के आणि राज्याचा कर माफ. २०२५ च्या अर्थसंकल्पात तीस लाखांवरच्या विजेच्या गाड्यांना ६ टक्के लावण्याचा बेत होता, तो मागे घेतला गेला.

दुकानदार मंडळी विचारतात, कंपनीच्या नावावर घेतली तर? मग राज्याचा कर सरळ २० टक्के. आणि एरवीच्या वापराच्या मोटारीवरचा जीएसटी धंद्याच्या हिशेबात वळता करून घेता येत नाही. हा सल्ला देणाऱ्याला आधी त्याची पावती दाखवायला सांगा.

विम्यात दोन भाग असतात. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशामुळं १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या मोटारीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे. त्याचा दर सरकार ठरवतं. १००० ते १५०० सीसीला २०२२ मध्ये ठरलेला दर १०,६४० रुपये, वर १८ टक्के जीएसटी. यात घासाघीस नाही. आपल्याच गाडीच्या नुकसानीचा विमा मात्र कुठूनही घ्यावा. शोरूमचाच घ्या अशी सक्ती कुणाला करता येत नाही. दोन-तीन ठिकाणी भाव विचारून मग शोरूममध्ये जा, तिथला आकडा तुमच्यासमोर खाली येतो.

उरल्या किरकोळ ओळी. नोंदणीची सरकारी फी ६०० रुपये. कर्ज असेल तर बँकेचा बोजा चढवायचे १,५००. म्हणून ‘रजिस्ट्रेशन चार्जेस’समोर मोठा आकडा दिसला, तर कर वजा करून उरलं ते कशाचं, हे विचारायचं. फास्टॅग १ डिसेंबर २०१७ पासून नव्या गाडीला लागतोच, आणि नांदगाव पेठच्या नाक्यावर तो आपल्याला रोज कामी येतो. उच्च सुरक्षेची नंबरप्लेट १ एप्रिल २०१९ पासून गाडीसोबतच देणं हे कंपनीचं काम आहे. गाडी नागपूरला घेतली तरी नोंदणी अमरावतीत करून एमएच २७ घेता येतो.

आणि ‘हँडलिंग चार्जेस’. कारखान्यातून शोरूमपर्यंत गाडी आणणं हा विक्रेत्याच्या धंद्याचा भाग, तो एक्स-शोरूम किमतीत येतो. कोणत्या कायद्यानं घेता, असं शांतपणे विचारा. बहुतेक वेळा ती ओळ पेनानं खोडली जाते, आणि तिच्या जागी ‘ॲक्सेसरीज किट’ नावाची नवी ओळ येते. तीही खोडायला सांगा.