आयदान
(नांदगाव इथं केलेलं भाषण)



पुस्तकातलं कोकण म्हणजे माड, समुद्र, फणस. नांदगावकरांनीच सांगावं, त्यात सूप-रवळी विणणारी आपली बाई किती पानांवर होती? फणसवळे गावच्या ऊर्मिला पवारांनी २००३ साली ‘आयदान’ लिहून तिला पुस्तकात आणली. आयदान म्हणजे बांबूच्या कामट्यांची वस्तू. त्यांची आई विणायची, त्यावर घर चालायचं. त्याआधी, १९८९ साली, मीनाक्षी मून आणि त्यांचं ‘आम्हीही इतिहास घडवला’ आलं. आंबेडकरी चळवळीतल्या बाया दोघींनी शोधून बोलत्या केल्या.

‘आयदान’मध्ये शिवताशिवत आहेच. पण घरातला नवरा, चळवळीतले आपण पुरुष, तेही सुटत नाहीत. मग आपल्यातलेच काही नाकं मुरडतात. मुरडू देत.

एकच प्रत आणलीय. आधी बायांकडं जाऊ द्या.