कॅम्री, सील आणि आईचे गुडघे



"तू चौतीस वर्षं गाड्यांच्या कारखान्यात काढलीस, गाड्यांवरच बोल," असा संयोजकांचा हुकूम आहे. याच शाळेत मला 'पाच मिनिटं गप्प बस' म्हणायचे, आज पाच मिनिटं बोल म्हणतात. तर सध्या माझ्या घरात जो वाद चाललाय, तोच सांगतो.

माझी आई ८८ वर्षांची. इथेच, चिपळूणला राहते. पुण्याला यायला तयार नाही. म्हणून मी दर पंधरा दिवसांनी उंब्रज, पाटण, कुंभार्ली घाट करत येतो, एका बाजूचे सव्वादोनशेच्या आसपास किलोमीटर. उंच गाडीत तिला चढता येत नाही, तेव्हा सेडानच हवी. पैसे परदेशातला मुलगा घालतोय. त्याला बीवायडीची सील हवी, पूर्ण इलेक्ट्रिक. माझा कल टोयोटाच्या कॅम्री हायब्रिडकडे.

सील चालवून पाहिली आणि खरं सांगतो, हेवा वाटला. सगळ्यात वरचं मॉडेल शून्यावरून शंभरला ३.८ सेकंदांत जातं. आपल्या वयात एवढ्या घाईने जायचंय कुठे, हा प्रश्न वेगळा! मधल्या मॉडेलचा पल्ला कागदावर ६५० किलोमीटर. घाट, एसी, पाऊस धरून मी साडेचारशेच मोजतो. म्हणजे माझं जाणं-येणं जेमतेम. घरी चार्ज केली तर खर्च किलोमीटरला दोन रुपयांच्या आत, कॅम्रीला पेट्रोलचे साडेपाच-सहा. हा फरक थोडा नाही. पण चार्ज करायची कुठे? आमच्या सोसायटीने पार्किंगमध्ये वेगळा मीटर घ्यायला दोनदा नकार दिला. कारण काय, तर उद्या सगळ्यांनी मागितला तर!

कॅम्रीला वायरच लावायची नसते. २.५ लिटरचं पेट्रोल इंजिन, जोडीला मोटर, आणि ब्रेक लावताना वाया जाणारी ताकद बॅटरीत. टोयोटाने ही युक्ती १९९७ मध्ये प्रियसमधून बाजारात आणली. बॅटरी लहान, त्यामुळे कुंभार्ली उतरताना घाट संपायच्या आत भरून जाते. सील सगळा उतार पोटात घेते. चढताना अर्थात सव्याज वसूल करते. कॅम्रीचा कंपनीचा आकडा लिटरला २५ च्या वर. आपल्याच वर्गातल्या एकाची आहे, त्याला अठरा-एकोणीस मिळतात. घरी मात्र तो पंचवीस सांगतो, आणि वहिनी समोर बसल्यात, म्हणून नाव घेत नाही.

आईला दोन्हीत मागे बसवलं. सीलची बॅटरी पायाखाली, त्यामुळे तळ उंच आणि गुडघे वर येतात. तिला उठताना दोघांनी हात द्यावा लागला. कॅम्रीत ती ऐसपैस बसली.

पण माझं मन ठरलं ते गेल्या श्रावणात. रात्री दीडला शेजाऱ्यांचा फोन आला, आई न्हाणीघरात पडली. मी त्याच संध्याकाळी लांबचा प्रवास करून परतलो होतो, जुन्या गाडीची टाकी रिकामी. हायवेच्या पंपावर पाच मिनिटांत भरली आणि साडेसहाला तिच्याजवळ पोचलो. हाड शाबूत होतं. त्या रात्री दारात वीस टक्के चार्ज असलेली सील असती, तर वाटेतल्या चार्जरपाशी निदान तासभर बसलो असतो, तेही तो चालू असता तर. मुलगा म्हणतो, "बाबा, आजीच्या पडवीत प्लग आहे की." आहे. १५ अँपिअरच्या प्लगवर रात्रभरात तीसेक युनिट भरतील, म्हणजे १७०-१८० किलोमीटर. पण पावसाळ्यात इथली वीज रात्रभर टिकते का, हे चिपळूणकरांना मी काय सांगावं!

सोसायटीने मीटर दिला असता तर मी सीलच घेतली असती, गुडघ्यांना उशी देऊन. आता कॅम्री नोंदवली आहे. मुलगा थोडा नाराज आहे.

परवा आईला सांगितलं, तर म्हणाली, "गाडी चांगलीच आहे रे. पण यात घालून मला पुण्याला न्यायचा बेत नाही ना तुझा?"