संध्याकाळच्या वाऱ्याचा पतंग



या व्याख्यानमालेत मोठमोठे विषय येतात. आमचा विषय साधा, पतंगाचा आहे. आपल्या नंदुरबारला गुजरात शेजारी. संक्रांतीला सारा गाव गच्चीवर चढतो. पण त्याच दिवसांत पथाऱ्यांवर लाल मिरची वाळत असते. तिथल्या मजुराला आणि त्याच्या पोराला सवड मिळते ती दिवस मावळताना, आणि नेमका तेव्हाच वारा पडतो. जमीन तापलेली असते तोवर वरचा जोरकस वारा खाली उतरत राहतो. ती निवली की तो वरच राहतो. म्हणजे दुपारचा वारा सवड असणाऱ्यांचा, आणि मजुराच्या पोराला उरलेला!

या उरलेल्या वाऱ्यावर पतंग चढवायचा कसा? आमची शाळा लवकर सुटली; हे गणित पुढे पुस्तकांतून उमगले. वाऱ्याचा वेग निम्मा झाला की त्याचा जोर चौथाईवर येतो. पतंगाचे वजन मात्र तेवढेच राहते. म्हणून पहिले काम वजन उतरवण्याचे. कागद पातळ घ्यावा. शेपूट असेल तर काढावे. कमानीची काडी काचेच्या तुकड्याने दोन्ही बाजूंनी सारखी तासावी. ताठ कमान मंद वाऱ्यात वाकत नाही, आणि ती वाकल्याशिवाय पतंग सरळ जात नाही. नुसत्या गिरक्या घेतो. एक बाजू अधिक तासली गेली तर तो एकीकडेच कलतो. आम्ही असे किती पतंग फुकट घालवले, त्याची मोजदाद नाही. सुत्तराची गाठ केसभर वरखाली करून पाहावी. तिची जागा हातालाच कळते.

इतके करूनही वारा अपुरा पडला तर तो आपण निर्माण करावा. कुणाला तरी पतंग लांब धरायला सांगून दोरा भराभर ओढावा. ओढीच्या वेगाने कागदावर वारा येतो, आणि पतंग चढतो. वर गेल्यावर थोडी ढील, पुन्हा ओढ.

आता दोऱ्याविषयी. आमच्या वस्तीत नायलॉनच्या मांज्याने एका पोराची बोटे चिरली. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ साली त्यावर देशभर बंदी घातली, तरी तो चोरून विकला जातो. शिवाय संध्याकाळ ही पाखरांची घरी परतण्याची वेळ. तेव्हा काच न लावलेला साधा सुती दोराच वापरावा. काचेचे वजन नसल्याने तो हलकाही असतो.

आम्ही संघटनेची माणसे. संक्रांतीच्या दुपारची पगारी सुटी आम्ही मागतच आहोत, आणि ती मिळेपर्यंत मागत राहू. पण पोराचे बालपण आमच्या वाटाघाटींसाठी थांबत नाही. तोवर त्याची कमान नीट तासून देऊ या.