पडद्यावरची मुकी जनावरे
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला 'मुले आणि करमणूक' या विषयावर बोलायला सांगितले. विषय मोठा आहे, मी त्याचा एकच कोपरा धरते. कारण त्या बाबतीत माझ्याच हातून घडलेली एक गोष्ट मला बोचते आहे.

आपल्या मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर मी मध्यंतरी एक व्हिडिओ पाठवला होता, आठवतो ना? मोठाल्या डोळ्यांचे, मांजराच्या पिलाएवढे जनावर. कोणी त्याच्या काखेत गुदगुल्या करते आणि ते दोन्ही हात वर धरून जणू आणखी मागते. 'किती गोड!' असे आपण बहुतेकींनी लिहिले. माझी नात प्राणिशास्त्र शिकते. ती म्हणाली, "आजी, ते खूश नाहीये गं, घाबरलंय."

त्या जनावराचे नाव लोरिस. त्याच्या कोपरापाशी एक ग्रंथी असते. तिचा स्राव लाळेत मिसळला की त्याचा चावा विषारी होतो, आणि हात वर नेले की ती ग्रंथी तोंडाजवळ येते. आपण ज्याला लाड समजलो, ती त्या बिचाऱ्याची जीव वाचवण्याची धडपड होती. शिवाय ते रात्री हिंडणारे जनावर, लखलखीत उजेड त्याला सोसत नाही. बाजारात विकण्यापूर्वी पुष्कळदा त्याचे दात भूल न देताच चिमट्याने तोडतात. व्हिडिओत यातले काही दिसते का?

सिनेमावाल्यांनी तर हे पूर्वीपासून केले आहे. डिस्ने कंपनीचा १९५८ चा 'व्हाइट वाइल्डरनेस' पाहा. लेमिंग नावाचे उंदरासारखे प्राणी झुंडीने समुद्रात उड्या घेऊन जीव देतात, असे त्यात दाखवले. चित्रण झाले कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतात, जिथे समुद्रच नाही! लेमिंग बाहेरून विकत आणले, फिरत्या चकतीवर पळवून थोड्यांची झुंड भासवली आणि शेवटी कड्यावरून नदीत ढकलले. १९८२ साली कॅनडाच्या दूरदर्शनने हे उघडकीस आणले. तोवर चित्रपटाला ऑस्कर मिळून गेले होते, आणि लेमिंग आत्महत्या करतात हा समज आजही शिकलेल्या माणसांच्या तोंडी आहे. म्हणजे प्राणी गेले ते गेले, वर मुलांना खोटे शिकवले.

आपल्याकडे १९६० सालचा प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा आहे. त्याखाली १९९८ साली वाघ, सिंह, बिबट्या, अस्वल आणि माकड यांना खेळासाठी शिकवणे वा नाचवणे बंद झाले, आणि २००१ च्या नियमांनी चित्रपटांतील प्राण्यांच्या नोंदणीची सोय केली. त्या १९९८ च्या यादीत हत्ती मात्र नव्हता. १९७१ च्या 'हाथी मेरे साथी'त आपण पदर ओला करून घेतला, त्यातल्या हत्तीसाठीच ना? हत्तीला वळण लागते ते साखळदंड आणि अंकुश यांच्या जोरावर, हे तेव्हा माझ्या तरी डोक्यात आले नव्हते.

कोणी म्हणेल, मग मुलांनी वाघ पाहायचाच नाही की काय? पाहावा की! २०१६ चा 'द जंगल बुक' घ्या. मोगली झालेला मुलगा तेवढा खरा. शेरखान, बल्लू, लांडगे सगळे संगणकावर घडवलेले. संगणकाच्या वाघात दरारा नाही, असे आमच्याकडे म्हणतात. माझा नातू मात्र खुर्चीखाली लपला होता.

येत्या बालमेळाव्यात हाच चित्रपट लावावा, अशी माझी सूचना आहे. राहता राहिला तो व्हिडिओ. माझ्याकडचा मी पुसून टाकला. पण तुमच्यापैकी अकराजणींनी तो पुढे पाठवल्याचे मला सांगितले आहे. कोणाच्या भिशीत, कोणाच्या माहेरी, कोणाच्या सुनेच्या ऑफिसात. त्या सगळ्यांना काय कळवायचे, ते चहाच्या वेळी आपण मिळून ठरवू या.