पाव्हण्यांनी भरलेलं घर



आजच्या कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे ‘यशाची गुरुकिल्ली’ छापलंय. ती माझ्याकडे नाही, तेव्हा एका सिनेमाबद्दल बोलतो. २०२५ च्या जानेवारीत, युटातल्या सनडान्स महोत्सवात, रोहन कानवडे यांच्या ‘साबर बोंडं’ला जागतिक कथापटांच्या स्पर्धेत ग्रँड ज्युरी पारितोषिक मिळालं. मराठी कथापट तिथे पोचला तोच पहिल्यांदा.

आनंद मुंबईत कॉल सेंटरवर नोकरी करतो. वडील जातात आणि दहा दिवसांच्या सुतकासाठी तो आईबरोबर गावी येतो. घर पाव्हण्यांनी भरलेलं. हे खाऊ नको, ते घालू नको, नियम सांगायला माणसं पुष्कळ. वर जो तो विचारणार, लग्न कधी? बाप गेलेल्या पोराला ‘कसा आहेस रे?’ कुणी विचारत नाही. आनंदला पुरुष आवडतात. आईला ते ठाऊक आहे, पाव्हण्यांना नाही. सोबत मिळते ती बाळ्याची, लहानपणच्या शेतकरी दोस्ताची. दोघं रानात हिंडतात, झाडाखाली नुसते पडून राहतात. बाळ्या त्याच्यासाठी साबर बोंडं, म्हणजे निवडुंगाची फळं, शोधून आणतो. पार्श्वसंगीत नाही, कॅमेऱ्याला घाई नाही. तुमचा हात फोनकडे जाईल. जाऊ देऊ नका.

काही पालक चुळबुळताहेत, दिसतंय मला. त्यांनी आनंदच्या आईकडे बघावं. ती भाषणं ठोकत नाही, चारचौघांत पोराला सांभाळून घेते. कानवडेंचे स्वतःचे वडील ड्रायव्हर होते. ते गेल्यावर गावी काढलेल्या दिवसांतूनच ही गोष्ट सुचली.

आनंदचा एकटेपणा गावापुरता नाही. २०२३ मध्ये अमेरिकेचे तेव्हाचे सर्जन जनरल विवेक मूर्ती यांनी एकटेपणा हा सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न आहे, असं जाहीर केलं. आपल्याला वाटलं, ते गोऱ्यांचं दुखणं. आपल्याकडे शनिवारी पॉटलक, दारात चपलांचा ढीग! पण वरच्या खोलीत पोरगं दार लावून बसलेलं असतं. खाली आलंच, तर आपण काका-मावश्या काय विचारतो? मेजर कुठला? इंटर्नशिप मिळाली का? गावच्या पाव्हण्यांत आणि आपल्यात मला तरी फरक दिसत नाही.

बाकी बोंडांसाठी गावी जायला नको. निवडुंग मूळचा अमेरिका खंडातलाच. तुमच्या ॲरिझोनात रस्त्याकडेला आहे, मेक्सिकन दुकानात फळं ‘तूना’ म्हणून मिळतात. झाडावरची काढायची तर चिमट्यानं काढा, बारीक कुसं बोटात शिरली की लवकर निघत नाहीत.

विंगेत नाटकातले शिवाजी महाराज कधीचे ताटकळलेत, मावळ्यांना भूक लागलीय. मी बसतो.