‘काही नाही’ इथे चालणार नाही

गावोगावहून आलेल्या माझ्या कमी ऐकू येणाऱ्या मित्रमैत्रिणींनो,

स्वागताध्यक्षाने खणखणीत आवाजात स्वागत करावे, असा रिवाज आहे. मी मात्र सावकाश बोलणार आहे आणि तोंड तुमच्याकडेच ठेवणार आहे. माझे शब्द शेजारच्या पडद्यावर उमटत आहेत, दुभाषी ताई तेच सांकेतिक भाषेत सांगत आहेत. तरीही काही निसटले तर हात वर करा, मी वाक्य पुन्हा म्हणेन.

पुणे हे कानसेनांचे शहर. १९५३ मध्ये पंडित भीमसेन जोशींनी गुरूंच्या स्मरणार्थ इथे सवाई गंधर्व महोत्सव सुरू केला. मीही त्याचा जुना वारकरी. पन्नाशीच्या सुमारास माझे कान उतरले, श्रवणयंत्र आले. ते बोलणे कळावे म्हणून बेतलेले. त्यातून तंबोरा पत्र्यासारखा वाजू लागला. एका डिसेंबरात मी गाणे अर्ध्यावर सोडून घरी आलो आणि पत्नीला सांगितले, “पाय दुखतात.” पुढच्या वर्षी गेलोच नाही.

खोटे बोलण्याची ती सुरुवात. त्यानंतर न कळताही मान डोलवायला शिकलो. घरी जेवताना सगळे हसतात, मी क्षणभर उशिरा हसतो. मुलाला विचारतो, “काय म्हणालास रे?” तो म्हणतो, “काही नाही बाबा, सहज.” त्यात दुष्टावा नसतो. पण हे ‘काही नाही’ दिवसातून दहादा वाट्याला आले, की माणूस विचारणेच सोडतो. मग फोन टाळतो, मग लग्नकार्ये, मग मित्र. घरचे म्हणतात, “हल्ली फार चिडचिडे झालेत.” दिवसभर ओठ वाचून, अर्धे शब्द अंदाजाने जुळवून संध्याकाळी डोके शिणलेले असते, हे कुणाच्या ध्यानात येत नाही.

संगीतकार बेटहोवेनलाही हे चुकले नाही. १८०२ मध्ये, ऐन तिशीत, त्याने भावांना उद्देशून एक पत्र लिहिले आणि पाठवलेच नाही. ते सापडले त्याच्या मृत्यूनंतर. ‘मला ऐकू येत नाही, मोठ्याने बोला’ एवढे लोकांना सांगता येत नाही म्हणून आपण माणसांपासून दूर राहतो, अशी कबुली त्यात आहे.

जन्मापासून कर्णबधिर असलेल्या अनेकांना सांकेतिक भाषा असते, त्या भाषेची माणसे असतात. मध्यम वयात कान गेलेले आम्ही ना इकडचे, ना तिकडचे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या अहवालानुसार जगात ४३ कोटी लोकांना श्रवणदोषासाठी उपचार-पुनर्वसनाची गरज आहे. आपल्याकडे वांद्र्याची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था १९८३ पासून या क्षेत्रात काम करते आहे. पण माझ्या फायलीत सात ऑडिओग्राम आहेत आणि ‘मन कसे आहे?’ असे कुणी विचारल्याची एकही नोंद नाही. २०२२ मध्ये सरकारने मानसिक आधारासाठी १४४१६ हा क्रमांक सुरू केला. सोय चांगलीच. पण ज्याचे दुःखच फोन न ऐकू येण्याचे आहे, त्याने तो कसा लावायचा? समुपदेशकांनी लिहून किंवा समोरासमोर, चेहऱ्यावर उजेड ठेवून बोलावे, यासाठी काय करता येईल याचा विचार संमेलनाच्या या दोन दिवसांत व्हावा.

व्यवस्थेविषयी थोडे. भोजनगृहात गोल टेबले आहेत, म्हणजे प्रत्येकाला प्रत्येकाचा चेहरा दिसेल. स्टीलच्या ताटवाट्यांचा खणखणाट यंत्रातून कानशिलात घुसतो, म्हणून पत्रावळी आणि द्रोण ठेवले आहेत. थकवा आला तर मागे एक शांत खोली आहे. सोबत आलेल्या जोडीदारांचे विशेष स्वागत. बिनपगारी दुभाषे होऊन तुम्हीही दमला आहात, तुमच्यासाठी उद्या वेगळी बैठक आहे. राबणाऱ्या तरुण स्वयंसेवकांचे आभार. काही उणे राहिले तर दोष माझा.

यजमान म्हणून एकच विनंती. शेजारच्याने “काय म्हणालात?” असे विचारले, तर ‘काही नाही’ म्हणू नका. सगळे पुन्हा सांगा, विनोद असेल तर विनोदासकट. आम्ही जरा उशिरा हसू, पण ते हसणे खरे असेल.